म्हातारा ससा चिडका का होतो? वागण्यातले बदल आणि त्यामागचं शरीर



परिसर अभ्यास शिकवताना आपण प्राण्यांचा निवारा, अन्न, त्यांची पिल्लं, त्यांचे उपयोग हे सगळं घेतो. प्राणी म्हातारा होतो तेव्हा काय होतं, यावर मात्र वर्गात फारसं बोलणं होत नाही. खेड्यातल्या लेकरांना म्हातारा बैल, म्हातारी गाय माहीत असते. पण हल्ली देवणी, उदगीर, लातूरकडच्या बऱ्याच घरांत पांढऱ्या सशाची जोडी दिसते. लेकरांच्या हट्टासाठी ती आणलेली असते. पाच-सहा वर्षं जातात, लेकरू पहिलीतून पाचवी-सहावीत जातं आणि ससा म्हातारा होतो. बैलाच्या म्हातारपणाचं ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, सशाच्या म्हातारपणाचं कुणाकडेच नाही. म्हणून हा लेख.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने एकदा मधल्या सुट्टीत विचारलं, "मॅडम, आमचा ससा आता माझ्यावर रुसलाय का? उचललं की चावतोय." घरच्यांचं म्हणणं असं होतं, की तो म्हातारा झालाय, चिडका झालाय, घरभर घाण करतोय, आता त्याला रानात सोडून द्यावं. म्हणजे वागणं बदललं, त्याचा अर्थ 'स्वभाव बिघडला' असा लावला गेला, आणि त्या अर्थावरून एका जिवाचं काय करायचं हेही ठरत आलं होतं. अर्थ चुकला तर निर्णयही चुकतो. आजचा विषय हाच आहे.

आधी हे समजून घेऊ: घरातला ससा रानातला नव्हे

मराठीत आपण दोघांनाही 'ससा' म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो. आपल्या शिवारात तुरीच्या, हरभऱ्याच्या पिकातून उड्या मारत पळतो तो भारतीय रानससा. त्याचा रंग मातकट, पाय लांब आणि मानेमागे काळा डाग असतो. तो बीळ करत नाही, गवतात किंवा झुडपाखाली दबा धरून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्यामुळे त्याला पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे.

घरातला पांढरा, करडा किंवा ठिपकेदार ससा मूळचा युरोपातला. त्याचे पूर्वज बिळात कळपाने राहणारे. त्याची पिल्लं जन्मतः उघडी-वाघडी असतात आणि त्यांचे डोळे साधारण दहाव्या दिवशी उघडतात. या दोन जातींचा एकमेकांशी संकर होत नाही. पांढऱ्या सशाला आपल्या रानात सोडलं, तर त्याला लपायचं कुठं, खायचं काय, पळायचं कुणापासून हे काहीच माहीत नसतं. त्यातही म्हातारा ससा असेल, तर कुत्री, मुंगूस आणि ऊन यांच्यापुढे तो एक-दोन दिवसही टिकणं अवघड. म्हणून 'रानात सोडून देऊ' याचा खरा अर्थ लेकरांनाही समजला पाहिजे.

म्हातारा कधी म्हणायचं?

आपला भाग देवणी गोवंशाचा. वानेरा, बालंक्या, शेवरा हे त्याचे तीन प्रकार इथल्या लेकरांना रंगावरून ओळखता येतात. बैलाचं वय कसं ओळखतात, असं वर्गात विचारा. अर्धी मुलं सांगतील, "दात बघून." जनावराच्या वरच्या जबड्यात पुढे दात नसतात. खालच्या आठ दुधाच्या दातांच्या जागी जोडी-जोडीने पक्के दात येतात. म्हणून बाजारात आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला असे शब्द चालतात. साधारण दोन-अडीच वर्षांत जनावर दोनदाती होतं आणि पाच वर्षांच्या आसपास जुळतं. पुढे दातांच्या झिजेवरून म्हातारपण कळतं.

सशाच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. सशाला एकूण २८ दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढतच राहतात. पुढचे दात तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. गवत चावून-चावून ते झिजतात, म्हणून लांबी सारखी राहते. त्यामुळे दात बघून सशाचं वय सांगता येत नाही. (एक गंमत: सशाच्या वरच्या मोठ्या दोन दातांच्या मागे आणखी दोन छोटे दात असतात. उंदरांना ते नसतात. ससा उंदरांच्या गटात मोडत नाही, हे मुलांना सांगायला ही खूण चांगली.)

नीट सांभाळलेला ससा साधारण ८ ते १२ वर्षं जगतो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामधला फ्लॉप्सी नावाचा ससा १८ वर्षांहून जास्त जगला, तशी जागतिक विक्रमांत नोंद आहे. पाच-सहा वर्षांनंतर सशाला ज्येष्ठ समजून लक्ष द्यायला सुरुवात करावी. मोठ्या आकाराच्या जातींचं म्हातारपण थोडं लवकर येतं.

दात वय सांगत नाहीत आणि केस पिकलेले पांढऱ्या सशात दिसत नाहीत. मग उरतं काय? वागणं.

दुखणं लपवणारा प्राणी

कुत्र्याला लागलं तर ते केकाटतं. ससा तसं करत नाही. ससा हा शिकार होणारा प्राणी. कळपात जो लंगडतो, जो विव्हळतो, त्याला शिकारी आधी हेरतो. त्यामुळे दुखणं लपवायचं, ही सवय त्याच्या रक्तातच आहे. घरात शिकारी नाही हे आपल्याला माहीत, पण सशाच्या शरीराला ते माहीत नसतं.

म्हणून सशाचं दुखणं मोठ्या आवाजात येत नाही, बारीक बदलातून येतं. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली. त्यात पाच गोष्टी पाहतात: डोळे अर्धे मिटलेत का, फुगीर गाल चपटे झालेत का, नाकाचा आकार टोकदार झालाय का, मिशा ताठ झाल्यात का आणि कान आवळून मागे गेलेत का. या पाच गोष्टी पाचवीचं लेकरूसुद्धा पाहू शकतं. त्याआधी निरोगी सशाचा चेहरा रोज पाहिलेला असला पाहिजे, एवढंच.

आवाजाचंही तसंच. अंगावरून हात फिरवताना ससा हलकेच दात घासतो तेव्हा तो खुशीत असतो. पण अंग चोरून, पाठ कमानीसारखी करून बसलाय आणि जोरात दात कराकरा वाजवतोय, तर ते दुखण्याचं लक्षण आहे.

वागण्यातला बदल आणि त्यामागचं शरीर

आता एकेक बदल घेऊ. घरी त्याला काय म्हणतात आणि शरीरात काय चाललेलं असू शकतं, असं समोरासमोर ठेवून पाहूया.

*१. "उचललं की चावतो. चिडका झाला."*
वय झालं की सशाचे सांधे आणि पाठीचा कणा झिजतो. आपल्या आजीला संधिवात असतो, तसाच. पोटाखाली हात घालून वर उचललं की कणा ताणला जातो आणि कळ येते. "नको" म्हणायला सशाकडे दातच असतात. तो लेकरावर रुसलेला नसतो, उचलण्याला घाबरलेला असतो. उपाय सोपा आहे: उचलायचं नाही. आपण जमिनीवर बसायचं आणि त्याला जवळ येऊ द्यायचं. उचलावंच लागलं तर मोठ्या माणसाने एक हात छातीखाली आणि दुसरा हात मागच्या पायांखाली देऊन, अंगाशी धरून उचलायचं.

*२. "घरभर लघवी करतो. शिस्त विसरला."*
कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये जायची सवय असलेला ससा अचानक बाहेर लघवी करायला लागला, तर आधी ट्रेचा काठ बघा. तीन-चार इंचाचा काठ ओलांडणं दुखऱ्या पायांना डोंगर चढण्यासारखं असतं. एका बाजूचा काठ कापून खाली करा. त्याने फरक पडला नाही, तर मूत्राशयात खर साचणं, मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असू शकतो. सशाच्या शरीरातलं जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे लघवी थोडी गढूळ असणं नेहमीचं आहे, पण घट्ट, चुन्याच्या निवळीखालच्या गाळासारखी लघवी आली तर डॉक्टरांना दाखवा. पाणी पिणं अचानक खूप वाढलं, तरीही दाखवा.

*३. "नखरे करतो. गवत सोडून मऊच खातो."*
हा बदल सगळ्यात जास्त फसवतो, कारण ससा खात असतो. गाजराचा कीस खातो, कोथिंबीर खातो, गवत मात्र तोंडात घेऊन टाकून देतो. अशा वेळी मागच्या दाढा बघायला हव्यात. दाढा वेड्यावाकड्या वाढल्या की त्यांची टोकं जिभेला आणि गालाला टोचतात. हनुवटी ओली राहणं, लाळ गळणं, एका डोळ्यातून सतत पाणी येणं ही त्याचीच भावंडं. डोळ्याचं पाणी यासाठी, की अश्रूंची नळी दातांच्या मुळांजवळून जाते आणि मुळं वाढली की ती दाबली जाते. पुढचे दात छान दिसले म्हणून मागच्या दाढा चांगल्या असतीलच असं नाही. त्या डॉक्टरांनाच आत उजेड टाकून पाहाव्या लागतात.

*४. "आळशी झाला. अंगसुद्धा साफ करत नाही."*
ससा मुळात मांजरासारखा टापटिपीचा. तो दोन प्रकारची लेंडी टाकतो. एक कोरडी, गोल, आपल्याला दिसते ती. दुसरी मऊ, द्राक्षाच्या छोट्या घोसासारखी. ही मऊ लेंडी तो सहसा रात्री किंवा पहाटे थेट तोंडाने घेऊन खातो, कारण त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. मुलांना किळस वाटेल, पण गाय रवंथ करते तशीच ही सशाची दुसऱ्यांदा पचवायची सोय आहे. म्हाताऱ्या सशाला मान वळवून मागे पोचता येत नाही. मग ही लेंडी मागे चिकटते, लघवीने केस भिजतात, कातडी लाल होते. त्यावर माशी बसली तर अंडी घालते आणि अळ्या पडतात. पावसाळ्यात हे एका दिवसातही घडू शकतं आणि जीवावर बेततं. म्हणून अशा सशाचा मागचा भाग रोज बघायचा. कोमट पाण्याने फक्त तेवढाच भाग पुसून लगेच कोरडा करायचा. पूर्ण अंघोळ घालायची नाही. सशाला तिचा मोठा धसका बसतो आणि ओलं अंग लवकर वाळत नाही.

*५. "उगीच दचकतो. कधीकधी आपल्यालाच ओळखत नाही."*
सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त नाकाच्या अगदी समोरचं दिसत नाही. वयानुसार मोतीबिंदू होतो, ऐकू कमी येतं. मग अचानक आलेला हात त्याला झडप वाटतो. जवळ जाण्याआधी हलकेच बोला आणि आपला हात हुंगू द्या. त्याची भांडी, पिंजरा, ट्रे यांच्या जागा बदलू नका. नजर गेलेला ससा घराचा नकाशा लक्षात ठेवून छान फिरतो. आपण खुर्ची हलवली की त्याचा नकाशा चुकतो.

*६. "मान वाकडी करतो, गोल-गोल फिरतो."*
हे म्हातारपण नव्हे. कानाच्या आतल्या भागाचा संसर्ग किंवा मेंदूवर परिणाम करणारा एक सूक्ष्म परजीवी, अशी याची कारणं असतात. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. उपचार वेळेवर मिळाले तर बरेच ससे सावरतात. काहींची मान थोडी वाकडी राहते, तरी ते मजेत जगतात.

*७. "सशीण एकदम रागीट झाली."*
नसबंदी न केलेल्या मादीत चार वर्षांनंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण खूप आढळतं. स्वभाव तापट होणं, पोट मोठं दिसणं, लघवीत रक्त येणं या त्याच्या खुणा. एक खबरदारी मात्र घ्या. काही पाल्यांमधल्या रंगामुळेही सशाची लघवी नारिंगी-तांबडी होते. ती एक-दोन दिवसांत पुन्हा नेहमीसारखी झाली नाही, किंवा रक्ताच्या गुठळ्या दिसल्या, तर वाट पाहू नका.

*८. "जोडीतला एक गेल्यापासून गप्प बसून असतो."*
ससा कळपाचा प्राणी. वर्षानुवर्षं एकमेकांना चाटत-पुसत राहिलेल्या जोडीतला एक गेला, तर दुसरा खाणं कमी करू शकतो. त्याच्याजवळ बसायचा वेळ वाढवा आणि खाण्यावर लक्ष ठेवा. घाईने नवा तरुण ससा आणून त्याच्या पिंजऱ्यात टाकू नका. अनोळखी ससे भयंकर भांडतात आणि म्हाताऱ्याला पळायला जागा नसते.

वरची यादी पुन्हा वाचा. चिडका, नखरेल, आळशी, रागीट हे सगळे शब्द स्वभावाचे आहेत आणि कारणं मात्र कणा, दाढ, मूत्राशय, डोळा, गर्भाशय यांत आहेत. बैल बसायला लागला, तर शेतकरी त्याला आळशी म्हणत नाही. तो खूर बघतो, खांदा बघतो, शेण बघतो. तीच नजर सशाकडे वळवायची आहे. "वय झालं" हे खरं असलं, तरी तिथं थांबलं की दुखणं तसंच राहतं. वय झालं म्हणून नेमकं कुठं दुखतंय, हा पुढचा प्रश्न विचारायचा.

इथे वाट पाहायची नाही

सशाची आतडी सतत चालू राहावी लागतात. दुखणं, भीती, ऊन किंवा चुकीचं खाणं यामुळे ती मंदावली, की पोटात वायू साचतो. ससा उलटी करू शकत नाही. त्यामुळे काहीही न खाता आणि लेंडी न टाकता १२ तास गेले, तर ती तातडीची वेळ आहे. 'उद्या बाजारच्या दिवशी जाऊ' असं करायचं नाही. बैल दोन दिवस वैरण न खाता उभा राहू शकतो, ससा नाही. रोज सकाळी ट्रेमधल्या लेंड्या बघणं हे लेकरांना द्यायचं उत्तम काम आहे. लेंड्या बारीक झाल्या, केसांनी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या किंवा कमी झाल्या, की मोठ्यांना सांगायचं.

मराठवाड्याचं ऊन

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तिशीच्या पुढचं तापमान त्याला जड जातं आणि म्हाताऱ्याला तर जास्तच. पत्र्याखाली, गच्चीवर पिंजरा ठेवू नका. घरातली सगळ्यात गार फरशी त्याची. पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवा. ओल्या फडक्याने कान पुसा. जोरात धापा टाकतोय, तोंड उघडं आहे, अंग सैल पडलंय असं दिसलं, तर कान ओले करत लगेच दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नका.

घरात करायचे छोटे बदल

- गुळगुळीत टाइल्सवर म्हातारे पाय घसरतात. जुनी वाकळ किंवा सतरंजी अंथरा आणि ती रोज झटकून कोरडी ठेवा.
- लटकवलेल्या बाटलीऐवजी जड, पसरट भांड्यात पाणी द्या. मान वर करावी लागत नाही.
- वाळलेलं गवत दिवसभर पुढ्यात असू द्या. आहाराचा मोठा भाग तोच. हरळी, कोथिंबीर, मेथीची पानं थोडी-थोडी. लसूणघासात कॅल्शियम जास्त असतं, म्हणून म्हाताऱ्या सशाला तो रोज नको.
- गाजर हा चित्रातल्या सशाचा आहार आहे. खऱ्या सशाला त्यातली साखर जास्त होते. आठवड्यातून एक-दोन तुकडे पुरेत. बिस्कीट, भाकरी, गूळ अजिबात नको.
- फिरणं कमी झालं की नखं वाढतात, पाय वाकडे पडतात. महिन्यातून एकदा नखं बघा. कापायला पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून घ्या, कारण नखाच्या आत रक्तवाहिनी असते.
- हलक्या हाताने केस विंचरा. त्याला स्वतःला जमत नाही ते आपण करायचं.
- आठवड्यातून एकदा वजन करा. टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावरही होतं. दोन किलोच्या सशाचं २०० ग्रॅम वजन कमी झालं, तर ते साठ किलोच्या माणसाचं सहा किलो कमी होण्यासारखं आहे. केसाळ अंगामुळे हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना

आपल्याकडचे पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशी, शेळ्या यांच्यासाठी चालतात, पण सशाबद्दल विचारायला संकोच करू नका. शिवाय आपलं नशीब असं, की शेजारी उदगीरलाच पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय आहे. जाताना वजनाची नोंद, लेंड्यांचा नमुना आणि नेहमीचं गवत सोबत न्या. सशाला उपाशी ठेवून नेऊ नका. भूल द्यायची असली, तरी माणसासारखं त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं.

आणि एक कळकळीची सूचना. घरातली औषधं मनाने देऊ नका. पेनिसिलीन गटातली अँटिबायोटिक औषधं, ज्यात अ‍ॅमॉक्सिसिलीन येतं, तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरतात ते फिप्रोनिलही सशाला घातक आहे. दुखण्यावरचं औषध सशालाही असतं आणि ते मिळालं की 'चिडका' ससा आठवडाभरात पुन्हा जवळ येऊन बसल्याची उदाहरणं आहेत. पण औषध आणि मात्रा डॉक्टरच ठरवतील.

वर्गात आणि घरात घेता येईल असा उपक्रम

तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी 'पाहिलं – वाटलं – विचारलं' अशी तीन रकान्यांची वही करता येते.

- पहिल्या रकान्यात फक्त डोळ्यांनी दिसलेलं लिहायचं. उदा. "आज गवत खाल्लं नाही. हनुवटी ओली होती."
- दुसऱ्यात आपल्याला काय वाटलं ते. उदा. "त्याला गवत आवडत नसेल."
- तिसऱ्यात शोधायचा प्रश्न. उदा. "त्याची दाढ दुखत असेल का? कुणाला विचारू?"

ज्यांच्या घरी ससा नाही, त्यांनी गाय, शेळी, कुत्रा, मांजर घ्यावं. काही मुलं आपल्या आजोबांबद्दल लिहितात, तेही चालू द्या. "आजोबा टीव्ही मोठ्या आवाजात लावतात" हे पाहिलेलं आणि "आजोबा हट्टी आहेत" हे वाटलेलं. या दोन वाक्यांतलं अंतर मुलांना कळलं, की निरीक्षण आणि अनुमान हा विज्ञानाचा पाया वेगळा शिकवावा लागत नाही.

पालकांसाठी एक गोष्ट. काळजी घेण्याची कामं मुलांना द्या, पण जबाबदारी मोठ्यांचीच ठेवा. लेंड्या मोजणं, पाणी बदलणं, विंचरणं हे मुलं करतील. दवाखान्याचा खर्च, उपचाराचा निर्णय हे दहा वर्षांच्या खांद्यावर नको.

शेवटच्या दिवसांबद्दल

सगळं करूनही एक दिवस ससा जाणार आहे. काही वेळा दुखणं कमी होण्यापलीकडे जातं आणि डॉक्टर शांतपणे निरोप देण्याचा पर्याय सांगतात. अशा वेळी लेकरांना "तो गावाला गेला" किंवा "पळून गेला" असं सांगू नये. ती मग रोज दाराशी वाट बघतात, नाहीतर 'माझ्यामुळे गेला' असं मनात धरून बसतात. "त्याचं शरीर खूप थकलं होतं, आपण त्याचं दुखणं ओळखलं, औषध दिलं, आता शरीर चालेना" असं सरळ सांगावं. मुलांना रडू द्यावं. अंगणात खड्डा करून पुरताना त्यांना सोबत घ्यावं, त्यावर एखादं रोप लावावं.

आपल्याकडे पोळ्याला थकलेल्या बैलालाही आंघोळ घालून, शिंगं रंगवून, पुरणपोळीचा घास देतात. त्याने आयुष्यभर ओढलेल्या नांगराची ती आठवण असते. सशाने आपलं शेत नांगरलेलं नसतं. पण शाळेतून आल्यावर लेकरू सगळ्यात आधी ज्याच्याकडे धावलं, तो तोच होता. त्याच्या म्हातारपणी त्याला कुठं दुखतंय, हे वाकून बघणं एवढं तरी आपण करूया. आज घरी गेल्यावर ट्रेचा काठ मोजा, हनुवटी कोरडी आहे का बघा आणि वजनाची पहिली नोंद वहीत करा.